नावाच्या जागी प्रश्नचिन्हं

(जयपूर, सोडाला. फ्लॅटची आतली खोली, भोगीची दुपार. संगणकापुढे मामा, सत्तरीतले, विमा कंपनीतून राजभाषा अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. शेजारी त्यांची भाची कौमुदी. मामींची स्वयंपाकघरातून ये-जा.)

कौमुदी: अहो मामा, अजून 'इन्स्टॉल' नका दाबा! आधी खालच्या चौकोनात टिक करायचंय.

मामा: दाबू नका.

कौमुदी: हो, तेच म्हणते, नका दाबा.

मामा: 'नका दाबा' नव्हे. 'दाबू नका'. नकार मागून येतो मराठीत. तू हिंदीतून उचलून आणतेस, 'मत दबाओ'.

कौमुदी: अरे यार, मामा. बरं, दाबू नका. तो चौकोन दिसतो? 'पाथ' लिहिलेला.

मामा: हा? ह्यानं काय होतं?

कौमुदी: मतलब, पायथन कुठे ठेवलाय ते कॉम्प्युटरला कळतं. नाही टिक केलं तर पायथन घरात असतो, पण हाक मारली की कॉम्प्युटर म्हणतो, असं कुणी इथे राहत नाही.

मामा: म्हणजे दारावर पाटी लावायची.

कौमुदी: बस्स, पाटी. केलं टिक? आता दाबा.

मामी: कसली पाटी लावताय? ही घ्या पेज. कोमटच आहे. अजून बसलं नाही का ते? सकाळपासून चाललंय तुमचं.

कौमुदी: सकाळपासून कुठे, मामी! शास्त्री नगरहून मी आत्ता तर आली.

मामा: आले.

कौमुदी: आले.

मामी: आणि तुझा तो ऑफिसचा लॅपटॉप आहे की एवढा भारीतला. त्याच्यावर करायचं.

कौमुदी: त्यात बाहेरचं काही टाकूच देत नाहीत. झालान्याला आमच्या ऑफिसमागे बिबट्या फिरतो, त्याला कुणी विचारत नाही. पण मी पेन ड्राइव्ह लावला की लगेच फोन, मॅडम ये क्या है. आणि बोलणार मामा आहेत, तर त्यांच्याच कॉम्प्युटरवर पाहिजे ना.

मामा: पेज ठेव तिथे.

मामी: ठेव तिथे म्हणजे तासाभरानं मीच परत गरम करायची. घोट घोट घ्या. घेतल्याशिवाय हलणार नाही मी.

कौमुदी: मामी, तुम्ही बसाच ना. डाउनलोडला वेळ लागणार आहे.

मामी: मी बसून काय करू? मला काय कळतंय त्यातलं. त्या डब्यावरची धूळ पुसण्यापलीकडं कधी हात लावला नाही मी. तू मला एकच सांग. परवा ह्यांचं स्वरयंत्र काढणार. काढलं की आवाज गेला, असं डॉक्टरांनी माझ्या तोंडावर सांगितलंय. मग हा डबा ह्यांच्यासारखा बोलणार कसा?

कौमुदी: बघा, आज मामा वाक्यं वाचतील. प्रोग्राम एकेक वाक्य दाखवेल आणि रेकॉर्ड करेल. ते सगळं मी सोहमला पाठवीन. माझा दोस्त आहे, त्याच्याकडे मोठी मशीन आहे. ती मामांचा आवाज शिकेल. मग ते परत इथे आणून ठेवायचं. हॉस्पिटलमधून आले की मामा टाईप करतील आणि त्यांच्याच आवाजात ऐकू येईल.

मामी: हुबेहूब?

कौमुदी: हुबेहूब नाही. मतलब, जवळपास.

मामी: जवळपासचा म्हणजे शेजाऱ्याचा.

मामा: अगं, प्रयत्न तर करू दे तिला.

मामी: करू दे की. मी कुठं अडवलंय? मी म्हणते, किंक्रांतीला कुणी ऑपरेशन करतं का? एक दिवस पुढं ढकला म्हटलं तर ऐकत नाहीत.

मामा: गाठ पंचांग बघून वाढलेली नाही.

मामी: बघ. ही असली बोलणी. हीच शिकव तुझ्या मशीनला.

कौमुदी: मामा, घसा खरखर करतोय तुमचा. थांबायचं का थोडं?

मामा: आता थांबायचं नाही. इतके महिने तो डॉक्टर कानीकपाळी ओरडत होता, बोलू नका, बोलू नका. काल मला म्हणाला, "अब जितना बोलना है, बोल लीजिए, आगाशेजी."



कौमुदी: बरं, ऐका. डाउनलोड होईपर्यंत आपण रोजची वाक्यं काढू. ती कळीवर ठेवायची. एक कळ दाबली की लगेच बोलेल, टाईप करायला नको. सांगा.

मामा: 'चहात साखर कमी आहे.'

मामी: चहात साखर बरोबर असते. तुमची जीभ गेलीय.

मामा: 'माझा चष्मा कुठे आहे?' 'पंखा बंद कर.' 'कौमुदी, व्याकरण.'

कौमुदी: हे पण कळीवर?

मामा: सर्वांत मोठ्या कळीवर.

कौमुदी: आणि मामींना हाक मारायची असेल तर?

मामा: 'अगं.'

कौमुदी: अगं, पुढे?

मामा: पुढे काही नाही. नुसतं अगं.

कौमुदी: नाव नाही घेत?

मामी: नाव? अगं म्हटलं की मी, अहो म्हटलं की ते. दोन शब्दांत संसार झाला बाई आमचा.

कौमुदी: कधीच नाही घेतलं?

मामी: मी तरी घ्यायचे. दर संक्रांतीला, मंडळाच्या हळदीकुंकवाला. 'गुलाबी शहरात आले, हिंदी शिकले थोडी, दिनकररावांचं नाव घेते, घ्या तिळाची वडी.' सगळ्या बायका हसायच्या, कारण माझी हिंदी अजून थोडीच आहे. पुरुषांना कोण आग्रह करतंय? लग्नात घास भरवताना तेवढं घेतात. ह्यांनी तेव्हापण पाठ केलेला उखाणा विसरलो म्हणून नुसतीच जिलबी कोंबली माझ्या तोंडात.

मामा: शब्दच फुटेना घशातून.

मामी: हं. तेव्हापासूनचं दुखणं आहे म्हणायचं.

कौमुदी: मामी!

मामी: काय मामी? खरं तेच बोलतेय. दोन वर्षांसाठी म्हणून सांगलीहून बदलीवर आलो, ते इथंच मुरलो. इथं मी सगळ्यांची भाभीजी, नाहीतर आगाशे आंटी. पोरंबाळं झाली असती तर अमक्याची आई तरी म्हणवले असते. माझं नाव म्हणशील तर आधार कार्डावर आहे फक्त.

मामा: आली का तुझी फाईल?

कौमुदी: येतेय. तोवर एक काम करू. आवाज किती वर ठेवायचा ते बघून घेते. फोनवर रेकॉर्डिंग लावते. हे वाक्य वाचा.

मामा: "टोपलीमध्ये. पिवळी केळी. ठेवलेली आहेत."

मामी: कुणापुढं भाषण ठोकताय? हिंदी पंधरवडा आहे का आज?

मामा: स्पष्ट वाचायला नको? ह्या वाक्यात 'ळ' मुद्दाम दोनदा घातलाय. शहाण्या माणसानं केलेली यादी आहे.

कौमुदी: मामा, पण शेजारच्या गच्चीवरच्या पतंगवाल्यांच्या स्पीकरमुळे काही ऐकूच येत नाही. परत 'वो काटा'! उद्या संक्रांत आहे, आजपासूनच सुरू.

मामी: थांब, बघते मी. अरे रणजीत! ओ रणजीत बेटा! दस मिनट गाना बंद कर दे. अंकल का आवाज भरना है. हाँ, आवाज, आवाज! अरे, परसों ऑपरेशन है ना उनका. गले का. हाँ बेटा. उसके बाद नहीं बोलेंगे.

मामा: काय आरडाओरडा करते आहे ही.

मामी: केलं बंद पोरानं. म्हणतोय, आंटीजी, आज पूरा दिन नहीं बजाएंगे. आणि गच्चीवरची सगळी पोरं गप्प उभी राहिली, हातात मांजाच्या चकऱ्या धरून. सणाची पोरं ती.

कौमुदी: आलं! डाउनलोड आलं. आता आवाजाचं पॅकेज टाकते. बसा, मामी, आता लगेच होईल. अरे. हे काय?

मामा: लाल अक्षरं का आली?

कौमुदी: अटकलं. पायथन तर नीट चालतोय. थांबा, परत करते. नाही, परत तेच. फोल्डर सापडत नाही म्हणतोय. सी ड्राइव्ह, युजर्स, आणि पुढे सगळी प्रश्नचिन्हं.

मामा: प्रश्नचिन्हं कशाची?

कौमुदी: नावाच्या जागी. मामा, तुमच्या फोल्डरचं नाव इंग्रजीत नाहीये?

मामा: का असावं?

कौमुदी: मामा! युजरचं नाव देवनागरीत टाकलंत तुम्ही?

मामा: उभी नोकरी मी लोकांना सांगत आलो, सही देवनागरीत करा, पाटी देवनागरीत लावा. निवृत्त झाल्यावर संगणक घेतला तर दुकानदार म्हणतो, अंग्रेज़ी में डालिए. म्हटलं, भैया, हमारे घर में नहीं चलेगा. इतकी वर्षं चाललंच की.

कौमुदी: विंडोजला चालतं. ह्या पॅकेजला नाही चालत. त्याला ती अक्षरं वाचताच येत नाहीत.

मामा: मग त्याला वाचायला शिकवा.

कौमुदी: ज्यानं लिहिलंय तो कुठल्या देशात बसलाय कुणास ठाऊक, आणि आपल्याकडे आजचा दिवस आहे. दुसरं अकाउंट उघडावं लागेल, इंग्रजी अक्षरांत. थांबा, आधी हे नाव काय आहे बघू.

मामा: बघायची काय गरज आहे? तू नवीन कर.

कौमुदी: तुमच्या फाइली कुठे आहेत ते तर बघावं लागेल ना. युजर्स. हे पब्लिक. आणि हे.

मामी: काय गं?

कौमुदी: मामा.

मामा: तू तुझं काम कर.

मामी: काय लिहिलंय? माझा चष्मा आत राहिला. कौमुदी, काय लिहिलंय तिथं?

कौमुदी: सरोजिनी.

मामी: काय?

कौमुदी: तुमचं नाव आहे, मामी. पूर्ण कॉम्प्युटर तुमच्या नावानं आहे.

मामी: माझ्या नावानं कशाला असेल? मी तर त्याला हात लावत नाही.

मामा: काहीतरी नाव द्यावं लागतं. विचारतो तो.

मामी: मग स्वतःचं द्यायचं. सगळे स्वतःचं देतात.

मामा: स्वतःचं नाव मला काय करायचंय?

मामी: म्हणजे रोज सकाळी चहा घेऊन, दार लोटून बसता तेव्हा?

मामा: चालू केला की आधी नाव येतं पडद्यावर. मोठ्या अक्षरांत. मग परवलीचा शब्द टाकायचा. एवढंच आहे.

कौमुदी: म्हणून आज मी यायच्या आधीच उघडून ठेवला होतात?

मामा: वेळ वाचावा म्हणून.

मामी: खोटं. साफ खोटं. लग्नाला एवढी वर्षं झाली, तुमचं खोटं मला खोकल्यावरून कळतं. एवढं होतं मनात, तर तोंडानं म्हणायला काय झालं होतं?

मामा: सांगलीच्या दोन खोल्यांत, आईसमोर, अण्णांसमोर, बायकोला नावानं हाक मारायची? तूच लाजून आत पळाली असतीस.

मामी: सासूबाई जाऊन युगं लोटली.

मामा: तोवर 'अगं' बसलं होतं जिभेवर. मग मध्येच एके दिवशी नाव घेतलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?

मामी: म्हटलं असतं, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?

मामा: झालं तर मग.

मामी: आणि ते नाव तरी माझं कुठं आहे? मी तासगावची अनुसया. कौमुदी, तुला ठाऊक नाही ते. आमच्या वेळी मांडवात नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं त्यात काहीतरी लिहिलं, भटजींनी मोठ्यानं वाचलं, आणि मी मान वर करून बघते तो अनुसया संपली होती. सासूबाईंच्या मनाला आलं, बदललं. आणि बदलून कुणी एकदा हाकसुद्धा मारली नाही त्या नावानं. मग कशाला घेतलंत माझं?

मामा: आईच्या मनात रमा होतं.

मामी: काय?

मामा: आईनं रमा लिहायला सांगितलं होतं. ताटात मी जे लिहिलं ते माझ्या मनातलं होतं. आई जेवणाच्या पंगतीपर्यंत माझ्याशी बोलली नव्हती.

मामी: हे आता सांगताय?

मामा: आता नाही तर केव्हा सांगू? परवानंतर, टाईप करून?

मामी: इतकी वर्षं मी सासूबाईंवर राग धरला. अनुसयाला पुसून टाकलं म्हणून. त्या गेल्या तेव्हासुद्धा मनात होता.

मामा: कधी बोलली नाहीस.

मामी: कधी विचारलं नाहीत.

कौमुदी: मामी, पाणी आणू?

मामी: नको. रडत नाहीये मी. कांद्याचा हात लागला डोळ्याला.

मामा: भोगीच्या भाजीत कांदा नसतो.

मामी: गप्प बसा हो! नाही, गप्प नका बसू. काय मेलं तोंडातून जातं माझ्या. बोला. कौमुदी, ते नाव आता पुसणार का तू?

कौमुदी: नाही, नाही. ते तसंच राहील. त्याच्या शेजारी नवीन अकाउंट उघडते फक्त. मामांना प्रोग्रामसाठी त्यात जावं लागेल.

मामा: इंग्रजीत.

कौमुदी: हो. सॉरी, मामा. एम, ए, एम, ए. एवढंच टाकते.

मामा: टाक. सत्तरी गाठल्यावर लिपीपण सुटली.

कौमुदी: परत सगळं पहिल्यापासून. इन्स्टॉल. खालचा चौकोन.

मामा: पाटी.

कौमुदी: हो, पाटी. आता पॅकेज. चालतंय. चालतंय, मामा. लाल काही नाही. झालं! बघा, वाक्य आलं समोर. हे लाल बटण दाबायचं आणि वाचायचं.

मामा: "आमच्या गावाजवळ. एक जुने. देऊळ आहे."

कौमुदी: मामा, सैल वाचा ना. जसं मामींशी बोलता तसं.

मामा: हिच्याशी मी वाचून बोलत नाही.

मामी: हा आवाज नको गं. हा ऑफिसातला आहे. घरातला असा नाही. आणि मला एक सांग, मी बोलत असताना ह्यांना मध्येच तोडता येईल का त्याच्यातून?

कौमुदी: तोडता नाही येणार. आधी टाईप करावं लागेल, मग बोलेल.

मामी: तोवर माझं बोलून झालेलं असेल.

मामा: पहिल्यांदाच तुझं वाक्य पूर्ण होईल.

मामी: नको मला पूर्ण. तुम्ही तोडायचा, माझा जीव जळायचा, पण घरात माणूस आहे असं वाटायचं. आता मी भांडायचं कुणाशी? मी बोलायचं आणि तुम्ही कळा बडवत बसायचं, आणि मी थांबायचं वाट बघत? मला नाही जमणार. मला भीती वाटते हो.

मामा: मलाही वाटते.

मामी: तुम्हाला?

मामा: दुखण्याची नाही. भूल देताना ते बोलतं ठेवतात माणसाला. नाव काय, गाव काय. मी काहीतरी मूर्खासारखं बोलून जाईन. 'हां भैया, ठीक है,' असलं काही. आणि तोच माझा शेवटचा शब्द. तो वॉर्डबॉय ऐकणार, आणि विसरून जाणार.

मामी: असं बोलू नये.

मामा: मग कसं बोलावं? आता बोलून घ्यायला सांगितलंय ना.

कौमुदी: अरे!

मामी: आता काय झालं?

कौमुदी: फोन. मघाशी आवाज बघायला रेकॉर्डिंग लावलं होतं ना, केळ्यांचं. मी बंद करायला विसरली. अजून चालू आहे.

मामी: म्हणजे मघापासून आपण जे काही बोललो ते?

कौमुदी: सगळं आलंय. भांडण, तांदूळ, कांदा, सगळं.

मामी: अगंबाई. मी नाक ओढलं तेपण?

कौमुदी: तेपण. मामा, मी 'विसरली' म्हटलं.

मामा: ऐकलं.

कौमुदी: मग टोका ना.

मामा: राहू दे आज.

कौमुदी: नाही, टोका. मला पाहिजे. लहानपणापासून तुम्ही मला टोकता, आणि मी मुद्दाम तीच चूक करते, खरं सांगू का? शाळेत सगळे हिंदी, ऑफिसात सगळे हिंदी, इंग्लिश. मला मराठी कुणी टोकत नाही तुमच्याशिवाय. टोका, मामा. रेकॉर्डिंग चालू आहे.

मामा: 'विसरले.' म्हण, मी विसरले.

कौमुदी: मी विसरले.

मामा: शाबास. डोळे पूस.

कौमुदी: हाच आवाज पाठवते मी सोहमला. देऊळ आणि केळी नकोत. ह्यात तुम्ही आहात. सोहमला म्हणते, हा शिकव मशीनला. फक्त एक राहिलंय बघा. एवढं बोललात, पण मामींचं नाव मीच वाचलं. तुम्ही अजून नाहीच घेतलं. एकदा म्हणा. मी कापून कळीवर ठेवते. 'अगं'च्या शेजारी.

मामा: हं. पाणी दे जरा. घसा मोकळा करतो.

मामी: थांबा.

मामा: का?

मामी: कौमुदी, ते बंद कर आधी.

कौमुदी: मामी, परवानंतर परत कधीच नाही येणार हे. मशीन आपल्या मनानं बनवेल, पण मामांनी म्हटलेलं नसेल ते.

मामी: ठाऊक आहे मला. परवानंतर काय आहे ते तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. कळीवर 'अगं' राहू दे. 'अगं'ला मी ओ देईन, डब्यातून आलं तरी देईन. नाव नको. कळ काय, कुणीही दाबेल, आणि दाबेल तितक्यांदा तसंच्या तसं म्हणेल. मला एकदाच हवंय. ह्यांच्या तोंडून, आणि माझ्याकडे बघून.

मामा: कुठलं म्हणू? अनुसया?

मामी: नाही. तांदळात लिहिलंत ते.

कौमुदी: कॉम्प्युटरचं बंद केलं. मी गच्चीवर जाऊन बसते, रणजीतजवळ.

मामी: जा. दार ओढून घे. आणि फोनचं?

कौमुदी: ते पण करतेय, मामी.

मामी: हं. म्हणा आता.